पुलावर थांबलेली भार्गवी

मित्रांनो, तीन पाय असूनही ज्याला स्वतःहून एक पाऊल टाकता येत नाही, असा मी एक जुना ट्रायपॉड. कॅमेरा डोक्यावर घेऊन गप्प उभं राहायचं, हे माझं काम. पण खरं सांगू? मला उभं राहायचा भारी कंटाळा. माळ्यावरून सूटकेस खाली निघाली, की माझे पाय शिवशिवू लागतात.

कारखान्यातून मी सिंगापूरच्या एका दुकानात आलो आणि तिथून पुण्याच्या निशिकांतच्या हाती पडलो. निशिकांत आयटीत मॅनेजर. सिंगापूरच्याच वुडलँड्स भागातल्या फ्लॅटमध्ये तो आणि त्याची बायको भार्गवी राहत. माणूस माझ्याहून उतावळा! रजा मिळाली रे मिळाली, की निघाला जुन्या इमारतींचे आणि नद्यांचे फोटो काढायला. मेक्सिको झालं, पेरू झालं. चर्चच्या पायऱ्यांवर, नदीकाठच्या चिखलात, सांगेल तिथे मी पाय रोवले. "असा भक्कम ट्रायपॉड शोधून सापडणार नाही," असं तो चारचौघांत सांगे, तेव्हा मी नुसता फुगून जाई. भार्गवीच्या वाट्याला मात्र एकच वाक्य येई, "जरा बाजूला हो ना, फ्रेममध्ये येतेयस."

घराच्या भिंती कमानींनी आणि घुमटांनी भरल्या. एकदा शेजारच्या ब्लॉकमधल्या दमयंतीकाकू चहाला आल्या आणि सहज म्हणाल्या, "फोटो छान आहेत गं. पण तू नव्हती गेलीस का बरोबर?" भार्गवी हसली. काकू गेल्यावर मात्र तिने डोळे पुसले. २०१४ साली स्पेनला निघताना तिने बजावलं, "या वेळी माझा एक तरी फोटो हवा." निशिकांत हो म्हणाला. सेव्हियात विसरला, रोंदात विसरला.

शेवटच्या सकाळी आम्ही कोर्दोबाच्या दगडी पुलावर होतो. खाली नदी, समोर जुनी भव्य इमारत आणि पुलावर माणसंच माणसं. निशिकांतने भिंगावर काळी काच चढवली. तशी काच लावून बराच वेळ फोटो घेतला, की चालती माणसं त्यात उमटतच नाहीत. थांबलेली तेवढी उमटतात.

"भार्गवी, चालत राहा, म्हणजे दिसणार नाहीस," असं म्हणून त्याने बटण दाबलं.

ती थोडी पुढे गेली, वळली आणि कॅमेऱ्याकडे तोंड करून थांबली. लोक तिला वळसा घालून जात राहिले. ती हलली नाही.

फोटोत पूल रिकामा आणि मधोमध एकटी भार्गवी.

"थांबलीस कशाला?" निशिकांत वैतागला.

"लग्न झाल्यापासून बाजूलाच होतेय," ती शांतपणे म्हणाली. "आता नाही होणार."

तो ओशाळला. त्याने टायमर लावला आणि धावत जाऊन तिच्या शेजारी उभा राहिला. पण उभा कसला! ढग आला का, माझ्या तीन पायांना कुणाचा धक्का लागतोय का, सारखी मान इकडे आणि पाय तिकडे. फोटोत भार्गवी स्वच्छ आली. तिच्या शेजारी नुसता एक धूसर डाग.

"पुन्हा काढू," तो म्हणाला.

"नको. आपण असेच असतो. हाच लावायचा भिंतीवर."

आता घरात नवा, हलका ट्रायपॉड आलाय. मी दाराआड असतो, माझ्यावर ओल्या छत्र्या टांगतात. इथल्या दमट हवेने माझे सांधे धरलेत, तरी मन अजून वणवण फिरतं. मित्रांनो, काम झालं की आमच्यासारख्यांचे पाय पुसा, आम्हाला कोरडं ठेवा, एवढीच विनवणी. आणि आपल्या माणसाशेजारी उभे राहाल, तेव्हा जरा स्थिर उभे राहा. निशिकांत आजही त्या फोटोपुढे जातो, डागावर बोट ठेवतो आणि विचारतो, "मी होतो ना गं तिथे?"