सीताबाईंची नाल आणि माझी चिठ्ठी

मी होकायंत्र बोलतोय. सध्या माझा मुक्काम विमान दुरुस्तीच्या शेडमधल्या एका फळीवर आहे, आणि कालपर्यंत माझ्या गळ्यात ‘बिघडलेले’ अशी चिठ्ठी होती. ती खोटी होती. माझी बाजू ऐकून घ्या.

पोटात चुंबक घेऊनच मी जन्मलो. काचेआड तेलात तरंगणारी एक तबकडी आणि तिला लागलेली उत्तरेची ओढ, एवढाच माझा संसार. घाटावरच्या एका वैमानिक शाळेच्या दोन आसनी विमानात मला बसवलं, त्याला एकवीस वर्षं झाली. कितीतरी पोरं आली नि गेली. कुणी मला टिचकी मारायचं, कुणी उड्डाणाआधी नमस्कार करायचं. नमस्काराने मला काही फरक पडत नाही. लोखंडाने मात्र पडतो. ते जवळ आलं की माझी मान आपोआप तिकडे वळते. हा माझा जन्माचा दोष, आणि शाळेत पहिल्याच आठवड्यात तो सगळ्यांना शिकवतात.

समीक्षालाही शिकवला होता. पेणच्या खाडीकाठी मिठागरात राबणाऱ्या सीताबाईंची ही मुलगी. ऑक्टोबरात तिचं पहिलं एकटीचं लांबचं उड्डाण होतं. शाळेपासून पेण, पेणहून रोहा आणि तिथून परत. शेजारी शिकवणारे जितेश सर नाहीत. हे नीट पार पडलं तरच परवान्याची पुढची पायरी.

पेण आलं. खाली मिठागरांचे चौकोन दिसले तशी पोरगी हरखली. खिशातून तिने काळ्या दोऱ्यात ओवलेली घोड्याची नाल काढली. सीताबाईंनी ती स्वतःच्या दारावरून उपटून दिली होती. नवी गाडी आली की तिला नाल बांधायची, हा त्यांच्याकडचा रिवाज. मग लेकीचं विमान कसं सुटेल? “बघ आये, तुझ्या डोक्यावर आणून बांधली,” असं पुटपुटत तिने ती माझ्याच गळ्यात अडकवली.

मी ओरडलो असतो, पण मला तोंड नाही. माझी तबकडी वीसेक अंशांनी सरकली. समोर दिशा दाखवणारं आणखी एक यंत्र असतं. ते हळूहळू भरकटतं, म्हणून अधूनमधून माझ्याकडे बघून जुळवतात. समीक्षाने नेमकं तेव्हाच ते जुळवलं. आता आम्ही दोघंही एकसारखं खोटं बोलू लागलो आणि ती निर्धास्त झाली.

पेणहून रोहा जवळजवळ सरळ दक्षिणेला. आम्ही मात्र डावीकडे कलत चाललो. बारा-तेरा मिनिटांनी नदी आली, रेल्वेचे रूळ आले. “आलं रोहा,” म्हणत तिने विमान परतीला वळवलं. ते कोलाड होतं. नदी तीच, रूळही तेच, गाव वेगळं.

थोड्याच वेळात समोर डोंगर उभे राहिले, माथ्यापासून कमरेपर्यंत ढगात बुडालेले. घड्याळाप्रमाणे ते अजून लांब असायला हवे होते. तिने विमान तिरकं करून मागे पाहिलं. रुंद रस्त्यावर ट्रकांची रांग लागली होती. “रोह्यात हायवे नाय,” ती स्वतःशीच म्हणाली. “मामाच्या कंपनीची धुराडी कुठं गेली?” तेवढ्यात डोंगरावरच्या वाऱ्याने जोराचा हिसका दिला. दोरा तुटला, नाल खाली पडली आणि माझी तबकडी झरकन जागेवर आली.

ती माझ्याकडे बघतच राहिली. मग खाली पडलेल्या नालेकडे. तिला सगळं कळलं. तिने विमान मागे फिरवलं. नदीच्या काठाकाठाने पश्चिमेला गेली, आणि रोह्याची धुराडी दिसल्यावर मी दाखवलेल्या दिशेने शाळा गाठली.

इंजिन बंद होतंय तोच फोन वाजला.

“नाल व्हती ना गो संगं?”

“व्हय आये. तिच्यामुळंच आले.”

मग जितेश सरांनी उशिराचं कारण विचारलं. “सर, होकायंत्र अडखळत होतं,” ती म्हणाली. परवान्याची भीती होतीच, पण आईला सगळी शाळा हसेल ही भीती त्याहून मोठी होती. मला ते समजतं. तरी फार वाईट वाटलं. एकवीस वर्षांच्या इमानी नोकरीनंतर खापर माझ्या डोक्यावर फुटलं, आणि शेडमधल्या नाथाकाकांनी मला उतरवून फळीवर ठेवलं.

पण गोष्ट तिथे मिटली नाही. लेक नालेमुळे सुखरूप आली, म्हणून सीताबाईंनी तिची मैत्रीण ऋतुजा हिलाही हौसेने एक नाल पाठवली. काल ऋतुजाचं पहिलं एकटीचं उड्डाण होतं. “तुझ्या आईनं मलाही दिली बघ,” असं हसत सांगून ती दुसऱ्या विमानात चढली. शेडच्या दारातून मला दिसत होतं. समीक्षा धावत सुटली. पंखा फिरायच्या आत तिने ती नाल काढून घेतली आणि तिथेच सरांना खरं काय ते सांगितलं. तिचा परवाना आता लांबणीवर पडलाय.

तिथून ती माझ्यापाशी आली. गळ्यातली चिठ्ठी सोडवली आणि फोन लावला.

“आये, नालेनं माझी वाट चुकवली. डोंगरावर आदळणार होते मी.”

सीताबाई म्हणाल्या, “माझ्या हातानं दिली व्हती गो ती.”

“तुला ठाव नव्हतं आये. मला ठाव होतं.”

“खाडीत टाक तिला.”

दोन्ही नाल समीक्षाने माझ्यापासून लांब, फळीच्या पार दुसऱ्या टोकाला ठेवल्या आणि तिथेच बसून रडली.

मला पुन्हा विमानात बसवतील की नाही, ठाऊक नाही. माझं एवढंच मागणं आहे. माझ्याजवळ लोखंड आणू नका. आणि ती नाल खाडीत टाकू नका. सीताबाईंच्या दारावर तिची जागा रिकामी आहे.