आधी रिकामा काटा

फोन उचलताच काका म्हणाले, "स्क्रीनवर कोड आलाय. वाचतो, लिहून घे."

"आधी फोन ठेवा."

"का?"

"मी तुम्हाला फोन करते. आपल्याकडे तुमचा जो नंबर नोंदलेला आहे, त्यावर."

"अगं, पाच वर्षं माझ्या हाताखाली काढलीस. माझा आवाज ओळखत नाहीस?"

"ओळखते. पण आवाजाची नक्कल करता येते. ठेवा."

त्यांनी फोन ठेवला. आपटला म्हणणं जास्त बरोबर होईल. मी उलटा फोन लावला. पहिल्याच रिंगला उचलून ते थंडपणे म्हणाले, "आपण कोण बोलताय? आणि तुम्ही तुम्हीच, हे मी कशावरून मानायचं?"

हा प्रश्न मला आवडला. तो फार थोडे लोक विचारतात.

"तुमच्या मोबाइलवर आत्ता कंपनीकडून एक शब्द आला असेल. तो मीच सांगते. कंगवा."

मोबाइल चाचपल्याचा आवाज आला. मग, "कंगवा. बरोबर. या आत, चपला बाहेर काढून."

आमची कंपनी वजनकाटे बनवते. दवाखान्यात नवजात बाळांना ज्यावर ठेवतात, तेही आमचेच. बाळाच्या औषधाचा थेंब त्याच्या वजनावरून ठरतो, म्हणून प्रत्येक काटा प्रमाणित वजनांवर तपासला जातो आणि शेवटची मंजुरी एकाच माणसाची असते. त्या माणसाला अख्खी कंपनी 'मिलिग्राम' म्हणते, तोंडावरसुद्धा. मी काका म्हणते. मी पदार्थविज्ञान कॉलेजात शिकले आणि मोजायला काकांकडे शिकले. हे दोन वेगळे विषय आहेत. पुढे मी कॉम्प्युटर सपोर्टकडे वळले, तेव्हा ते म्हणाले होते, "जा. तिकडेही कुणीतरी नीट मोजणारं हवंच."

हा मिलिग्राम माणूस घरी पडदा लावताना स्टुलावरून पडला आणि पाय मोडून बसला. स्टुलाचा एक पाय आखूड आहे हे त्यांना वर्षभर माहीत होतं. दिव्याखाली अंधार असतो तो असा.

बाळांच्या काट्यांची एक खेप तपासणीला अडली होती. काकांनी घरच्या कॉम्प्युटरवरूनच मंजुरी द्यावी, असं मी सुचवलं. मोठे साहेब मला म्हणाले, "आपल्या नेटवर्कच्या बाहेरचं मशीन, तेही घरातलं. मला धाकधूक वाटते. तुमचा आग्रह आहे म्हणून आजचा दिवस बघू. नाही जमलं तर खेप बाहेरच्या लॅबकडे देऊ, यापुढे कायमचीच. काकांना मग घरीच आराम."

घरी आराम म्हणजे काय, ते आम्हा दोघांनाही कळत होतं. काकांच्या निवृत्तीला अजून दोन वर्षं होती, आणि आराम हा त्यांना न मानवणारा पदार्थ आहे.

"जमेल," मी म्हणाले होते. मला खात्री होती.

काकांनी कोड वाचला, तीन-तीन आकडे करून, मध्ये थांबून, तपासणीचं रीडिंग वाचावं तसा. माझ्यासमोर त्यांची स्क्रीन उघडली. मागे कुठल्याशा डोंगराचा फोटो, त्यावर काही ओळीत लावलेल्या, काही पसरलेल्या फाइली.

"आता दोघांनीही माऊसवरून हात काढायचा," मी म्हणाले. "मी काढला."

"हे कशाला?"

"तुम्हीच शिकवलंत. आधी रिकामा काटा बघायचा. रिकामा काटा खोटं बोलत असेल तर भरलेला खरं कसं बोलेल?"

ते खूश होऊन हसले. "माझीच विद्या मला शिकवतेस होय! घे, काढला हात."

कॉम्प्युटरवर ही पद्धत माझी स्वतःची. बाहेरच्या कुठल्याही मशीनवर गेले की मी काम सुरू करण्याआधी थोडा वेळ काहीच करत नाही, नुसती बघत बसते. माऊसचा बाण जागेवर स्थिर राहिला, तर पुढे. सहकारी मला हसतात. हसोत बापडे.

बाण हलला.

आधी डावीकडे, मग वर. माऊसखाली कचरा अडकला की बाण एकाच दिशेने सरपटतो. हा तसा नव्हता. तो एका फाइलीकडे सरळ गेला, त्याने तिला उचललं आणि ओळीत नीट बसवलं.

"काका, हात?"

"मांडीवर."

"माझेही. नेटची वायर काढा. लगेच."

स्क्रीन चालूच राहिली.

"काका, वायर."

"थांब जरा," ते हळू म्हणाले. इतक्या हळू आवाजात मी त्यांना कधी बोलताना ऐकलं नव्हतं.

माझं बोट आमच्या बाजूचं कनेक्शन तोडायच्या बटणावर गेलं. ते मी दाबणार, तेवढ्यात स्क्रीनवर एक कोरं पान उघडलं आणि त्यावर अक्षरं उमटू लागली.

*बाबा, गोळी घेतली का? की पुन्हा अर्धीच?*

मी बोट उचललं नाही, पण दाबलंही नाही.

*आणि हे कोण आलंय तुमच्या स्क्रीनवर?*

"मुलगी आहे माझी," काका म्हणाले. "लांब असते. फोनवर आमचं दोन वाक्यांपुढे जात नाही. कशी आहेस, बरी आहे, आईला देतो. मग तिने लांबून माझ्या मशीनवर यायचं हे काहीतरी फुकटातलं बसवून दिलं. रोज दुपारी येते, माझ्या फाइली आवरते, काहीबाही लिहून जाते. मी मुद्दाम पसरून ठेवतो फाइली." त्यांनी घसा साफ केला. "तिला सांगू नकोस ते."

"कंपनीला हे सांगितलं होतंत?"

"तू विचारलं नाहीस."

"काल फॉर्म पाठवला होता. दुसरं कुणी या मशीनवर येतं का, असा त्यात प्रश्न होता."

"मला वाटलं, दुसरं कुणी म्हणजे परकं. ती काय परकी आहे?"

आयुष्यभर बोटाचा घाम लागू नये म्हणून चिमट्याने वजनं उचलणारा माणूस हे म्हणत होता. मला राग यायला हवा होता. आला नाही, कारण चूक अगदी स्पष्ट दिसत होती आणि स्पष्ट दिसणारी चूक दुरुस्त करता येते.

"काका, तुमची मुलगी परकी नाही. पण तिने ठेवलेला दरवाजा परका आहे. त्याला एकच पासवर्ड, तोही..."

"माझ्या वाढदिवसाचा."

"झालं! त्यातून ती येते, तसं कुणीही येऊ शकतं. आणि तुमच्या मंजुरीचं बटण याच मशीनवर येणार होतं."

"म्हणजे दरवाजा बंद करायचा." हा प्रश्न नव्हता. मग म्हणाले, "दे मग ती खेप बाहेर. लॅबवाले लोकही काही वाईट नाहीत."

पाच वर्षांत त्यांनी त्या लॅबबद्दल उच्चारलेला हा पहिला चांगला शब्द.

"कुणी सांगितलं खेप बाहेर द्यायची? घरात दुसरा कॉम्प्युटर आहे?"

मागून काकूंचा आवाज आला. त्या सगळं ऐकत होत्या तर. "माझा लॅपटॉप आहे की. पण त्यात माझे बागेचे फोटो आहेत, त्यांना हात लावायचा नाही!"

"काकू, फोटो आधी पेनड्राइव्हवर काढू. मग लॅपटॉप पूर्ण पुसायचा आणि त्यावर फक्त कंपनीचं काम चालेल. त्या वेळात मला आत येता येत नाही. हात तुमचे लागतील."

"यांचा पाय मोडला तेव्हापासून या घरात सगळे हात माझेच आहेत. सांग."

काकूंइतका चांगला जोडीदार मला सपोर्टच्या नोकरीत क्वचितच मिळाला. स्क्रीनवर जे लिहिलंय तेच वाचायच्या, मनाचं काही घालायच्या नाहीत. एकदाच म्हणाल्या, "हा विचारतोय, खात्री आहे का? मला कधी कुणी असं विचारलं नव्हतं, लग्नातसुद्धा नाही."

"आहे म्हणून सांग त्याला," काका मागून ओरडले.

लॅपटॉप पुसला जात होता, तेवढ्या वेळात मी साहेबांना कळवायचा अहवाल लिहायला घेतला आणि काकांना वाचून दाखवला: घरच्या मशीनवर मुलीचा बाहेरून येण्याचा दुसरा मार्ग सापडला, काम सुरू होण्याआधी थांबवलं, ते मशीन कामातून काढलं, वेगळं मशीन तयार केलं.

"हे लिहायलाच हवं का?" काकांनी विचारलं. "मशीन तर बदललंच आपण."

"तुम्ही एखादं रीडिंग गाळलं असतंत?"

त्यांनी अहवाल पुन्हा वाचायला लावला. मग म्हणाले, "लिही. आणि 'सापडला'च्या पुढे 'माझ्या चुकीमुळे होता' असंही घाल. अर्धं रीडिंग नको."

साहेबांनी अहवाल वाचला आणि माझ्या टेबलाशी आले. "म्हणजे माझी शंका खरी होती."

"हो, खरी होती."

"तरी पुढे जायचं म्हणता?"

"म्हणूनच म्हणते. कुठलं मशीन साफ आहे, हे मी बघून सांगतेय. बाहेरच्या लॅबमध्ये कुणाची मुलगी कुठून येते, ते मला दिसणार नाही."

साहेबांनी खुर्ची ओढली. "करा. मी इथेच बसतो."

पुन्हा फोन ठेवला, पुन्हा लावला. या वेळचा शब्द 'भोपळा' होता, आणि काका म्हणाले की तो साहेबांसाठी योग्य आहे. साहेबांना तो स्पीकरवर ऐकू गेला. ते हसले की खोकले, ते मी बघितलं नाही.

"हात काढा," मी म्हणाले.

"काढला."

पुसलेल्या लॅपटॉपची स्क्रीन निळी होती. बाण मध्यभागी होता. आम्ही बघत बसलो: ते तिकडे, मी इकडे, साहेब माझ्या खांद्यामागून. बाण हलला नाही.

"शून्य," काका म्हणाले.

"शून्य," मी म्हणाले आणि मंजुरीचं बटण त्यांच्या हवाली केलं. "आता मी कशालाही हात लावणार नाही. काम तुमचं."

आमच्या तपासणी खोलीतली मुलगी एकेका काट्यावर वजन ठेवत गेली. आकडे काकांच्या समोर येत गेले आणि ते मंजुरी देत गेले. एका काट्यावर थांबले. "हा परत कर. वजन उचललं तरी शून्यावर यायला आळस करतोय." मुलीने पुन्हा ठेवलं, पुन्हा उचललं. मला फरक दिसला नाही, साहेबांनाही दिसला नाही. तिसऱ्यांदा दिसला: आकडा शून्यावर यायच्या आधी किंचित घुटमळत होता.

"या काट्यावर एखाद्या बाळाला औषध जास्त गेलं असतं," काका म्हणाले. बाकी सगळे काटे मंजूर झाले.

साहेब उठले. "त्यांना सांगा, पाय बरा होईपर्यंत असंच चालू ठेवू." जाता जाता वळले. "आणि नंतरही गरज पडली तर बघू."

"ऐकलं मी," काका फोनवर म्हणाले. "भोपळा शब्द मागे घेतो."

माझ्या कामाचा शेवटचा नियम असा, की बाहेर पडताना दार मी लावत नाही. ज्याचं घर त्याने ते आपल्या हाताने लावायचं. "काका, वर लाल खूण आहे. ती दाबा, की मी बाहेर."

"दाबतो." पण लगेच दाबली नाही. आतल्या खोलीतून काकूंचा आवाज आला. "अहो, या इकडे. ती आलीय तुमच्या जुन्या कॉम्प्युटरवर. विचारतेय, स्क्रीनवर कोण होतं ते."

त्या जुन्या मशीनवर आता कंपनीचं काहीच नव्हतं. मंजुरीचं बटण तर नव्हतंच. पासवर्ड मात्र मी काकांना बदलायला लावला होता. नवीन पासवर्ड त्यांनी फक्त मुलीला कळवला; तो काय, ते मी विचारलं नाही.

"काय सांगू तिला?" त्यांनी मला विचारलं.

"तुमच्या फाइली आवरायच्या राहिल्यात, ते सांगा."

कुबड्या उचलल्याचा खडखड आवाज आला. मग त्यांनी लाल खूण दाबली आणि माझी स्क्रीन रिकामी झाली.