बेचाळीस सेंटिमीटर

विद्यापीठाला तेरा वर्षं पूर्ण होत होती. सहा खोल्यांच्या कॉलेजातून ते उभं राहिलं होतं. या वर्धापनदिनी भाषणं नकोत, असं कुलगुरूंनी ठरवलं. त्याऐवजी विद्यार्थ्यांसोबत बसायचं, काय जमलं आणि पुढे काय करायचं ते बोलायचं.

जमलेल्या गोष्टींत सगळ्यात वर होता विद्यापीठामागच्या, मालगुजारांच्या काळातल्या जुन्या तलावाच्या पाण्याचा आलेख. पर्यावरणशास्त्र विभागाच्या केशोराव सरांनी १९९९ मध्येच तलावात रेल्वेचा जुना रूळ उभा करून त्यावर आकडे रंगवून घेतले होते. तेव्हापासून विद्यार्थी दर शुक्रवारी पाण्याची पातळी वहीत लिहीत आले. पाणी वाढलेलं दिसत होतं, आणि त्याचं श्रेय कुलगुरू विद्यापीठाच्या वृक्षलागवडीला देणार होते.

आलेख काढायचं काम दीप्तीकडे होतं. याच विभागातून एम.एस्सी. करून ती तिथेच कंत्राटी सहायक म्हणून लागली होती. दोन दिवस आधी ती एका गोष्टीवर अडली. तलाव भरून सांडव्यावरून पाणी वाहू लागलं, की दरवर्षी आकडा तीन मीटर दहा यायचा. २००५ पासून तो तीन मीटर बावन्न येत होता. सांडवा तर होता तेवढाच. मग पाणी त्याच्याहून बेचाळीस सेंटिमीटर वर कसं उभं राहील?

“काऊन मॅडम, डोक्स्याले हात लावून बसल्या?” प्रयोगशाळेतला परिचर लीलाधर चहा ठेवत म्हणाला.

तिने विचारलं, “२००५ मध्ये त्या रुळाला कोणी हात लावला होता का?”

“मीच रंगवलो होतो ना. पाहुणे येऊन राहिले होते. उन्हाळ्यात गाळ काढला, तं रूळ खालून उघडा पडला. तेवढा कोरा कसा ठेवू? बरा नाही दिसत. म्हणून पार खाली शून्य टाकून तिथून नवे आकडे रंगवलो.”

“अन् सांगितलं नाही कोणाला?”

“रंग देल्याचं काय सांगाचं? बिल तं सरांनीच पास केलन.”

दीप्तीला हसू आलं, पण ते टिकलं नाही. ती गप्प राहिली, तर सगळं सभागृह खोटा आलेख खरा मानणार होतं. बोलली, तर मार्चमध्ये निवृत्त होणाऱ्या सरांचं तेरा वर्षांचं काम सर्वांदेखत हास्यास्पद होणार होतं. ती उठून सरळ सरांच्या खोलीत गेली.

सरांनी वही दोनदा उलटसुलट पाहिली.

“दर शुक्रवारी त्या रुळासमोर उभा राहायचो मी,” ते म्हणाले. “चल. लीलाधर, चाकू घे.”

लीलाधरच्या भावाचा डोंगा वल्हवत ते रुळापर्यंत गेले. पाण्याच्या वर तीन मीटरची खूण होती. लीलाधरने तिथला रंग खरवडला. खाली जुना पिवळा आकडा निघाला, दोन अठ्ठावन्न.

“बेचाळीस,” दीप्ती म्हणाली.

“म्हणजे नोंदी वाया नाहीत. दोन हजार पाचपासून पुढे प्रत्येकीतून बेचाळीस वजा कर,” सर म्हणाले. “अन् परवा तूच सांग. मी पहिल्या रांगेत बसतो.”

वर्धापनदिनी दीप्तीने दोन्ही आलेख शेजारी शेजारी दाखवले आणि चूक कशी झाली ते सांगितलं. सभागृहात हशा पिकला. सरही हसले, मग लीलाधर. कुलगुरूंनी हातातला वृक्षलागवडीच्या मुद्द्यांचा कागद घडी करून खिशात ठेवला.

पहिल्या वर्षाची समीक्षा उठली. “मग मॅडम, पाणी वाढलं की नाही?”

“नाही. आहे तेवढंच आहे. उन्हाळ्यात मात्र आता आठ-दहा दिवस आधी आटतं.”

“काऊन?”

“ते अजून माहीत नाही.”

कुलगुरूंनी माईक जवळ ओढला. “पुढे काय करायचं ते ठरवायलाच बसलो आहोत. इथूनच सुरुवात करू. कोण शोधणार?”

समीक्षा उभीच होती. मागच्या बाकांवरून आणखी सात-आठ जण उठले. केशोराव सर मागे वळून त्यांची नावं लिहून घेऊ लागले, आणि लीलाधर एकेकाला विचारू लागला, “पोहता येते का रे?”