अबानोच्या चढावर तापलेली गाडी

नदीवरचा पूल ओलांडून गाडी चढाला लागली तेव्हा सकाळचे आठ वाजले होते. मागच्या बाकावर माझे सासरे शेते गुडघे पोटाशी घेऊन, उजवी कूस दाबून पडले होते. त्यांचं डोकं माझ्या बायकोच्या, एल्दिनोच्या मांडीवर. आमच्या ओमालो गावातल्या नर्सने पहाटे त्यांच्या पोटाला हात लावला आणि एवढंच म्हणाली, "अपेंडिक्स. दुपारपर्यंत खाली तेलावीच्या दवाखान्यात पोचवा, नाहीतर आतल्या आत फुटेल." ढगांमुळे हेलिकॉप्टर उडेना. मेंढ्यांचे कळप आणि त्यांच्यामागोमाग बाकीच्या गाड्या गेल्याच आठवड्यात खाली गेल्या होत्या. राहिली माझी गाडी, आणि मध्ये अबानोची खिंड.

हा घाट मी बारा वर्षं चालवतोय. माझ्यासारखा ड्रायव्हर तुशेतीच्या अख्ख्या डोंगरांत नाही, असं लोक म्हणतात. सासरे सोडून. त्यांचं आणि माझं विळ्या-भोपळ्याचं सख्य. त्यांची हयात मेंढ्याघोड्यांत गेली, आणि गाडी म्हणजे चाकं लावलेला घोडाच, असं त्यांचं ठाम मत. गेल्या उन्हाळ्यात पंख्याचा पट्टा करकरतो म्हणून त्यांनी त्याला मेंढीची चरबी चोळली. पट्टा घसरला, आणि मी चार पाहुण्यांसकट दिवसभर घाटात बसलो. तेव्हा गावासमोर मी त्यांना सुनावलं, "पुन्हा माझ्या गाडीला बोट लावलंत तर सासरे म्हणून बघणार नाही!" त्या दिवसापासून त्यांनी 'इमेदा' हे माझं नाव घेणं टाकलं. 'ड्रायव्हरसाहेब' म्हणायचे.

तिसऱ्या वळणावर तापमानाचा काटा हलला.

टर्बोवालं डिझेल इंजिन चढावर तापतंच. हवा विरळ, वेग कमी, ओझं जास्त. त्यावरचे उपाय मला झोपेतही येतात. गिअर खाली घेतला, म्हणजे इंजिनाला ओढायला हलकं जातं आणि पंखाही जोरात फिरतो. पाय सैल सोडला. काटा काही ऐकेना. मग मी हीटर पूर्ण उघडला. इंजिनाची धग आत ओढून घेतली की तेवढीच त्याची सुटका होते.

"अरे, वेड लागलं का तुला?" एल्दिनो ओरडली. "बाबा तापाने आधीच भाजतायत!"

"इंजिन बसलं तर आपण सगळे इथेच बसू. काचा उघड."

"ड्रायव्हरसाहेब," मागून क्षीण आवाज आला, "मीठ लावलंत की नाही? अळणी सासरा कोण खाणार?"

एल्दिनो हसता हसता रडायला लागली. मला हसू आलं नाही. काटा लाल रेघेच्या बोटभर खाली होता.

एका रुंद वळणावर गाडीचं नाक वाऱ्याकडे करून मी थांबलो. इंजिन चालूच ठेवलं. टर्बो लाल झालेला असताना इंजिन एकदम बंद केलं तर त्याचं तेल थांबतं आणि तो जळतो. आमच्या या गाडीचं इंजिन पुढच्या सीटखाली असतं. सीट उचलून पाहिली. पट्टा ठीक. पाइप कोरडे, गळती कुठेच नाही. बाटलीत पाणी खुणेपर्यंत. रेडिएटरच्या झाकणाला मी हात लावला नाही, उकळतं पाणी तोंडावर आलं असतं. दहा मिनिटं गेली. काटा थोडा उतरला. निघालो, आणि चार वळणांत काटा पुन्हा जिथल्या तिथे.

साडेनऊ झाले. खिंडीचा माथा अजून पाऊण तासावर. सासऱ्यांचे ओठ पांढरे पडले होते आणि आता ते कण्हतही नव्हते. मी पुन्हा थांबलो. खरं सांगतो, मी घाबरलो. शेजारून ओढा वाहत होता, पण तापल्या इंजिनात ते गार पाणी ओतलं असतं तर इंजिनच तडकलं असतं. आणि माणूस घाबरला की आधी दुसऱ्यावर डाफरतो.

"वेळीच एका शब्दाने बोलला असतात तर!" मी मागे वळून ओरडलो. "सगळा हट्टीपणा!"

"वर क्रूसापाशी पोचलास," ते डोळे मिटूनच म्हणाले, "तर एक घोट माझ्या नावाने घे."

खिंडीतल्या क्रूसापाशी आम्ही सगळे ड्रायव्हर थांबतो आणि या रस्त्याने गिळलेल्यांच्या नावाने चाचाचा, म्हणजे द्राक्षाच्या दारूचा, घोट घेतो. जित्या माणसासाठी कुणी घेत नाही.

"बाबा, असलं बोलू नका हो!" एल्दिनो म्हणाली.

माझं अवसान गळालं. मी स्टिअरिंगवर डोकं टेकलं. "चूक माझी आहे," मी म्हणालो. माझ्या तोंडून हे वाक्य बायकोनेही पहिल्यांदाच ऐकलं असेल. "पाण्याचा पंप गेला असणार. निघण्याआधी मला कळायला हवं होतं. बाबा, मी तुम्हाला पोचवू शकत नाही."

"तुझी चूक नाही," सासरे म्हणाले. "तिच्या छातीवरचा नमदा काढ."

"कुणाच्या?"

"गाडीच्या. काल रात्री मी घातला. तू ओरडशील म्हणून सांगायची लाज वाटली."

मी उडी मारून पुढे गेलो. चिखलाने माखलेल्या काळ्या जाळीत हात घातला. आत, रेडिएटरच्या अगदी तोंडावर, लोकर कुटून केलेला जाड काळा नमदा नीट घडी घालून कोंबला होता. त्यांच्याच अंगावरच्या झग्याचा कापलेला तुकडा. हवेला शिरायला फट नव्हती. मी तो उपसून काढला, तर हाताला चटका बसला. इंजिन जागच्या जागी फिरत राहिलं, पंख्याला हवा मिळाली आणि काटा खाली यायला लागला. माझा पारा मात्र चढला.

"का पण? का?"

"कडाका पडणार होता. घोड्याला उघड्या छातीने रात्री ठेवत नाहीत, सकाळी तो आखडतो. म्हटलं, सकाळी गाडी पटकन सुरू व्हायला हवी."

मी हीटर बंद केला. गिअर टाकला. आणि मग माझ्या डोक्यात प्रकाश पडला.

"सकाळी गाडीची गरज पडणार, हे तुम्हाला रात्री कसं ठाऊक?"

"बाबा," एल्दिनोने विचारलं, "कधीपासून दुखतंय?"

"जेवणाआधीपासून."

"मग उठवलं का नाहीत आम्हाला?"

"अंधारात या घाटात गाडी घालतात का? तू त्याला भरीला घातलं असतंस आणि तो निघाला असता." ते श्वास घ्यायला थांबले. "त्याची झोप व्हायला हवी होती. इमेदाची."

मला रस्ता धूसर दिसायला लागला. डोळे बाहीने पुसले आणि पुढचं वळण घेतलं.

क्रूसापाशी मी थांबलो नाही. चाचाची बाटली खणातच राहू दिली. पलीकडच्या उतारावर बोचरा वारा होता, सासरे कुडकुडायला लागले. एल्दिनोने तो नमदा उलगडून त्यांच्या छातीवर घातला. त्यात अजून ऊब होती.

पावणेबाराला तेलावीच्या दवाखान्यात त्यांना आत नेलं. फुटायच्या बेतात होतं, पण फुटलं नव्हतं, हे आम्हाला तासाभराने कळलं. त्याआधी दारातच तिथल्या नर्सने त्यांच्या अंगावरचा नमदा दोन बोटांत धरून बाहेर आणला. तेल, चिखल, मेलेले किडे, सगळं त्याला चिकटलेलं.

"हे घाणेरडं कुणाचं?" तिने विचारलं.

"माझ्या गाडीचं आहे," मी म्हणालो. "द्या इकडे."