असरोरच्या वेळेवर चालणारे घड्याळ

मित्रांनो, भिंतीवर टांगलेल्या म्हाताऱ्यांचेही कधीतरी ऐकावे. मी एक जुने लंबकाचे घड्याळ आहे. माझा जन्म रशियातल्या एका कारखान्यात झाला, पण सारे आयुष्य गेले ताजिकिस्तानातल्या इस्तरवशान गावात, बीबी शराफतच्या घरी. मी नवे होते तेव्हा माझे टोले ऐकायला अख्खी गल्ली अंगणात जमायची. बायका म्हणायच्या, "काय बाई गोड आवाज!" मग ज्याच्या त्याच्या मनगटावर घड्याळ आले आणि माझ्याकडे मान वर करून बघायला कोणाला सवड उरली नाही. राग यायचा हो, का नाही येणार?

बीबीचा मुलगा असरोर मॉस्कोला कामाला निघाला, तेव्हा स्टुलावर चढून त्याने माझे काटे दोन तास मागे नेले.

"आई, ही माझी तिथली वेळ. दोन्ही काटे वर भेटले की समज, मी जेवायला बसलोय."

बीबीला घड्याळ वाचता येत नव्हते. तिचा दिवस उन्हावर, अजानवर आणि तंदूरवर चालायचा. पण काटे वर भेटले की ती हातातले काम टाकून म्हणे, "खा रे बाळा, पोटभर खा." त्या काट्यांना कोणी हात लावायचा नाही, असा घरात दंडकच पडला. मी इथे टांगलेले, आणि माझे मन तिकडे. हिवाळ्यात अर्धवट झोपेत टिकटिक करताना वाटे, काचेवर बसली आहे ती धूळ नाही, तिकडच्या नदीवरचे धुके आहे.

पुढे असरोरची बायको वारली. तिकडेच वाढलेल्या सात वर्षांच्या लेकीला, सवसनला, तो आजीपाशी सोडून परत गेला. पोरीला फक्त रशियन यायची आणि बीबीची रशियन रामरामापुरती. खाली निखारे, वर चौरंग आणि त्यावर भली मोठी रजई. तिच्यात पाय घालून दोघी समोरासमोर बसत. घरात बोलणारे असे मी एकटेच होते.

एके दिवशी शेजारची तुर्सुनोय मावशी निरोप घेऊन आली. गल्लीत फोन होता तो तिच्याचकडे. "रविवारी बारा वाजता असरोरचा फोन येतोय! म्हणाला, पोरीला वेळ विचारणार. आपल्या ताजिकीत सांगायची म्हणावं!"

बाबांचा आवाज ऐकून सवसनला दोन महिने झाले होते. ती उठली आणि माझ्यासमोर येऊन उभी राहिली. तिला काटे कळत, पण शब्द ठाऊक नव्हते. बीबीला शब्द ठाऊक, पण काटे कळत नव्हते. बीबीने चौरंगावर सुक्या जर्दाळूंचे गोल घड्याळ मांडले. सवसन बोटांनी आकडा दाखवी आणि बीबी म्हणे, "सोआत पांज." पाच वाजले. "पांजू निम." साडेपाच. बरोबर म्हटले की तो जर्दाळू पोरीच्या तोंडात. संध्याकाळपर्यंत सगळे घड्याळ पोटात गेले आणि दोघी खुदखुदून हसल्या. मलाही टोले चुकवून हसावेसे वाटले. त्या दिवसापासून अर्धे शब्द, अर्ध्या खुणा असे दोघींचे बोलणे सुरू झाले.

रविवारी सकाळपासून बर्फ पडत होते. उन्हाचा पत्ता नव्हता, आणि दारे-खिडक्या गच्च लावलेल्या, त्यामुळे अजानही ऐकू येत नव्हती.

"सवसन, पोटात कावळे ओरडतायत. दुपार झाली असणार बघ."

"नाही बीबी! सोआत दाह!" दहाच वाजलेत, असे ती ठणकावून म्हणाली.

"बरं बाई, घरात शिकलेली पोर असताना मी पोटाचं कशाला ऐकू?" बीबी कौतुकाने म्हणाली.

माझे काटे वर भेटले, तशा दोघी धावल्या. तुर्सुनोय मावशी दारातच भेटली. "अगं, होतात कुठे? दोनदा वाजला फोन! भिंतीवरून हाका मारून मारून घसा बसला माझा. आता दोन वाजलेत!"

सवसन घरी आली ती हुंदके देतच. "मी बरोबर म्हटलं होतं! बीबी, मी बरोबरच म्हटलं होतं!"

बीबी माझ्याकडे बघत राहिली. मग तिने स्वतः स्टूल ओढले, नातीला वर उभे केले आणि माझी काच उघडली. "तू बरोबरच म्हटलंस, ही तुझ्या बाबांची तिकडची वेळ. फिरव काटे. आपल्या घराची वेळ लाव."

"पण बाबांची वेळ?"

"तो मोठा आहे, त्याची तो सांभाळेल. तू इथे आहेस ना."

चिमुकल्या बोटांनी काटा पुढे ढकलला. मी जपून टोले दिले, एक, मग दोन. किती वर्षांनी मी या घरात आले होते, मित्रांनो! पुढे तीनचे टोले पडतात न पडतात तोच उघड्या ठेवलेल्या दारातून भिंतीपलीकडची हाक आली, "सवसन! पळ, पुन्हा आलाय!" पोर एकाच पायात बूट घालून पळाली.

जुन्या घड्याळाला चावी द्यावी, काच पुसावी, एवढेच तुमच्यापाशी मागणे. पुसणारे माणूस दोन शब्द बोलतेही. पुढचे मला बीबीने असेच पुसता पुसता सांगितले.

असरोरने काही विचारायच्या आत सवसन फोनवर ओरडली, "बाबा, सोआत से! इथे तीन वाजलेत. तुम्हाला उशीर होतोय."

 तिकडून असरोर म्हणाला, "घरी यायला निघतो गं, पोरी."