चिंचेखालचा माठ

मित्रांनो, मी एक फुटका माठ आहे. माझ्या खापऱ्या अजून चिंचेच्या बुंध्याशी पडून आहेत.

ब्रह्मदेशातल्या आमच्या कोरड्या मुलखात वाटसरूंसाठी रस्त्याकडेला माठ भरून ठेवणं हे पुण्याचं काम. ठ्वे यी मावशीने तिच्या गेलेल्या नवऱ्याच्या नावाने मला इथे तिवईवर बसवलं. अकरा उन्हाळे ती मला रोज घासून भरत असे. गाडीवान, भिक्षू, बाजाराला निघालेल्या बायका, सगळे माझ्या गार पाण्याचं कौतुक करत.

मग देशातल्या देशात लढाई जुंपली. सरकारी सैनिकांनी शेजारच्या सान लिनचं घर पेटवलं. त्याचा भाऊ आतच राहिला. आणि तेच सैनिक जाताना माझं पाणी प्यायले! मला किळस आली, पण माठाला तोंड मिटता येत नाही.

"खुन्यांना पाणी पाजतेस, मावशी?" सान लिन तिला टोचायचा. "उद्या ताटही वाढ."

"तहानलेल्याला मी पक्ष विचारत नाही," ती म्हणायची. हळूहळू गावाने तिच्याशी बोलणं टाकलं.

एका सकाळी सैनिक पुन्हा येताना दिसले. रस्त्यावर दुसरं कुणी नव्हतं. सान लिनने उंदीर मारायची पूड माझ्यात ओतली आणि तो जळक्या घराच्या कुंपणाआड दडला. खरं सांगतो, मलाही ते मेलेले हवे होते.

पण त्यांच्या अधिकाऱ्याने कुठल्याशा गावातल्या विषप्रयोगाचं ऐकलं होतं. त्याने मावशीला घरातून ओढत आणलं आणि पाणी काढायची करवंटी तिच्या हातात कोंबली.

"आधी तू पी, म्हातारे."

मावशीने करवंटी बुडवली, तोंडाजवळ नेली. मी ओरडू शकत नव्हतो. तेवढ्यात सान लिन दांडकं घेऊन धावत आला. एका फटक्यात करवंटी उडाली, दुसऱ्यात मी फुटलो.

"आमचं पाणी या कुत्र्यांना नाही," तो म्हणाला. विषाबद्दल त्याने चकार शब्द काढला नाही. काढला असता तर सगळं गाव जळलं असतं. त्याला मारत मारत नेलं, तो परत आला नाही.

आता तिवईवर नवा माठ आहे. तो भरून झाला की मावशी सान लिनच्या उंबऱ्यावर थुंकते. मेल्याने माझ्या नवऱ्याच्या नावाचा माठ फोडला, म्हणते.

मित्रांनो, माठ जपा, पाणी सांडू नका, एवढंच सांगून मी थांबलो असतो. पण तुमच्यापैकी कुणी या वाटेने आलात, तर पोटभर पाणी प्या आणि मावशीला सांगा, त्याने माठ फोडला तो तुझ्यासाठी.