प्लास्टिकचा नेचा, नग एक

दापोड्यात आमचं गोडाऊन उभं आहे तिथे आधी डोंगर होता. तो फोडायला माझा बा, हिरामण, रोजावर होता. डोंगर संपला. मग धूळ खोकून खोकून बासुद्धा संपला. मला त्याच जागी ऑनलाइन ऑर्डरींच्या पॅकिंगची ड्युटी मिळाली. म्हणजे धंदा घरातच राहिला.

एका पावसाळ्यात रॅकमागच्या भेगेतून नेचा उगवला. माझी आय, राहीबाई, तिथे झाडू मारते. तिने लगेच ओळखला.

"वरच्या झऱ्यापाशी व्हायचा ह्यो. दुसरीकडं कुठंच न्हाय. पान तोडायच्या आधी तुजा बा डोंगराला सांगायचा, 'नेतो हां.'"

डोंगरातलं काही उचलायचं तर आधी सांगायचं, ही आमची रीत. मलाही तीच सवय. जेसीबी आला तेव्हा मात्र कोणी सांगितलं नाही. जेसीबीचं भाडं तासावर असतं.

आयने नेचा डब्यात लावला. तेवढ्यात औषध फवारणारे येणार असं कळलं. बारकोड नसेल ते सगळं ते कचऱ्यात टाकतात. म्हणून मी डब्यावर एक बारकोड चिकटवला: 'शोभेचा नेचा, प्लास्टिक'. तो माल कधीच संपला होता. नेचा वाचला, आणि वेबसाइटवर दिसायला लागला: फक्त एक शिल्लक.

माझ्या सुट्टीच्या दिवशी तो पुण्याला गेला. आय जेवेना. मग तो परत आला. रिटर्नचं कारण: 'झाड खरं निघालं. शिवाय खोकतं.'

आयने खोक्याला कान लावला. मीही लावला. आत कोणीतरी दोनदा बारीक खोकलं, मग घसा साफ केला. चहा मागायच्या आधी बा असाच खोकायचा.

आयने डबा रॅकवर ठेवला आणि शेजारी कोरा चहा. दुपारपर्यंत ग्लास रिकामा. आजूबाजूची पार्सलं दमट होऊ लागली, पत्र्याखालच्या उकाड्यात त्या एका रॅकपाशी गारव्याने अंगावर काटा यायचा. आय तिथलीच फरशी पुन्हा पुन्हा झाडायची. इतकी खूश मी तिला बा असतानाही पाहिली नव्हती.

सुपरवायझर केसरीनाथ शेठ एकदा थबकले. "काय रे किशन, रॅकमध्ये पेशंट लपवलाय काय?"

"नाय शेठ, प्लास्टिक आहे."

"मग ठीक."

नंतर नाशिकची ऑर्डर आली.

"ह्यो दिलास त माजं मढं बघशील," आय म्हणाली.

ऑर्डर रद्द केली असती तर शेठ स्टॉक तपासायला आले असते. मी रिकामं खोकं घेतलं, बबल रॅप कोंबला, टेप ओढली आणि सवयीने बोलून गेलो, "नेतो हां."

आयचा झाडू थांबला.

रिकाम्या खोक्याचं वजन जरा जास्त भरलं. मी दोष काट्याला दिला.

त्या दिवसापासून नेचा खोकत नाही. चहा तसाच राहतो, त्यात माशा पडतात. नाशिकच्या गृहस्थांनी पाच स्टार दिले: 'खोक्यात काहीच नव्हतं. पण आता घरात एकटं वाटत नाही. परत करणार नाही.'

रिटर्नची गाडी आली की आय झाडू घेऊन दाराशी उभी राहते. एकेका खोक्याला कान लावते. ड्रायव्हर हसतात.

"येल गं आय," मी म्हणालो.

"सांगून धाडलास तू त्याला," ती म्हणाली. "आता कशाला येल?"